नानांचं खातं : पंचवटीतल्या एका वाड्याने फेसबुक का सोडलं नाही

आमचा वाडा पंचवटीत होता. गंगेवर जायला चालत पाच मिनिटं. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) चौदा बिऱ्हाडं, मधे फरसबंद चौक, चौकात सामाईक नळ आणि कोपऱ्यात पारिजातक. २०१२ साली वाडा उतरवला आणि माणसं पांगली. कोणी इंदिरानगरला गेलं, कोणी सिडकोत, कोणी मखमलाबाद नाक्याला, काही पुण्यात, एक ताई थेट मस्कतला. वाडा पडणार हे कळलं तेव्हाच, २०११मध्ये, आमच्यातल्या एकाने फेसबुकवर गट काढून ठेवला होता. तो अजून चालू आहे. आज त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं आहेत. सगळ्यांत धाकटी १९ वर्षांची, सगळ्यांत थोरल्या माई, ७८ वर्षांच्या.

त्या गटाच्या तीन ॲडमिनपैकी मी एक. २०२५च्या संक्रांतीला आम्ही गट फेसबुकवरून हलवायला घेतला. अक्षय्य तृतीयेपर्यंत तो बेत बारगळला. तो का बारगळला ते मला सविस्तर लिहायचं आहे. ‘म्हाताऱ्यांना नवीन जमत नाही’ हे उत्तर लोक चटकन देतात आणि मला ते मनापासून खोटं वाटतं. या साडेतीन महिन्यांत मी बारा-तेरा जणांशी बसून बोलले. नावं कोणाचीच देत नाही, नात्याने ओळखा.

हलवायची कल्पना माईंच्या नातवाची. वय २६, हिंजवडीत नोकरी. त्याचं म्हणणं चुकीचं मुळीच नव्हतं. फेसबुक उघडलं की आपल्या माणसाची एक पोस्ट दिसायच्या आधी चार जाहिराती आणि अनोळखी लोकांचे सहा व्हिडिओ येतात, हे खरंच आहे. शिवाय आदल्या दिवाळीत एक वाईट प्रकार घडला होता. भांडी बाजारात दुकान असलेल्या दादाचा फोटो आणि नाव उचलून कोणीतरी दुसरं खातं काढलं आणि गटातल्या लोकांना निरोप पाठवले : ‘अडचण आहे, पंधरा हजार पाठव, उद्या देतो.’ एका काकूंनी पाठवले. त्यांनी लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, तक्रारही नोंदवली, पण पैसे परत आले नाहीत. त्या काकू दोन महिने गटात एक अक्षर लिहीत नव्हत्या. पैसे गेल्याचं त्यांना विशेष वाटलं नाही. दादा अडचणीत आहे हे आपल्याला खरं वाटलं, याचीच त्यांना लाज वाटत होती. असलं काही घडल्यावर ‘चला इथून’ म्हणणारा मुलगा मला शहाणाच वाटला.

ठरलं ते असं. रोजचं बोलणं व्हॉट्सॲपच्या नव्या ग्रुपवर. सणांचे, रंगपंचमीचे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर. आणि गेल्या चौदा वर्षांतले सगळे फोटो एका गूगल ड्राइव्हवर, वर्षवार फोल्डर करून. फेसबुकवर नवीन काही टाकायचं नाही, पण गट बंदही करायचा नाही. नातवाने तीन रविवार बसून फोटो उतरवून घेतले, प्रत्येकाला साल आणि प्रसंग लिहिला. एवढं कष्टाचं काम आमच्यात कोणी केलं नव्हतं.

पहिले पंधरा दिवस उत्साहाचे गेले. मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं सुरू झाली, दुपारी फॉरवर्ड, रात्री राजकारण. कोणी जुना फोटो टाकला तर तासाभरात तो पन्नास निरोपांखाली गाडला जायचा. महिन्याभरात निम्म्या लोकांनी ग्रुप म्यूट केला. मस्कतच्या ताईने मला फोनवर जे सांगितलं ते मी तसंच लिहून ठेवलं आहे : ‘व्हॉट्सॲपवर कोणी काही विचारलं की दोन निळ्या खुणा दिसतात, मग उत्तर नाही दिलं तर वाईट दिसतं. मी कामावरून येते, स्वयंपाक करते, मुलांचं बघते. फेसबुकवर मी परवाच्या फोटोखाली आज लिहिलं तरी कोणाला उशीर वाटत नाही.’ ती ४४ वर्षांची आहे आणि पाच ॲप सराईतपणे वापरते. तिला हवं होतं ते सावकाश चालणारं बोलणं. ओट्यावर बसल्यासारखं. एकाने काही म्हणायचं, दुसऱ्याने डाळ निवडता निवडता अर्ध्या तासाने उत्तर द्यायचं.

इन्स्टाग्रामचं निराळंच झालं. १९ मार्चला रंगपंचमी होती. शनी चौकातल्या रहाडीत पोरांनी उड्या मारल्या त्याचं रील केलं. (रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद. पेशव्यांच्या काळापासूनच्या या रहाडी वर्षभर बुजवून ठेवतात आणि रंगपंचमीला उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला.) रील अनोळखी लोकांनी भरपूर पाहिलं. वाड्यातल्या मोजक्याच लोकांनी पाहिलं, कारण पन्नाशीच्या पुढच्या फार थोड्यांचं इन्स्टाग्रामवर खातं होतं. ज्यांनी पाहिलं त्यांनाही खाली लिहावंसं वाटलं नाही. एक काका म्हणाले, ‘तिथे परक्यांची वर्दळ. आपलं घरातलं कसं बोलणार?’

आणि ड्राइव्ह? ती लिंक पहिल्या आठवड्यात लोकांनी उघडली आणि नंतर जवळजवळ कोणीच नाही. इतके फोटो, इतके नीट लावलेले, आणि कोणी फिरकत नव्हतं. मला ते फार लागलं. त्या मुलाला तर किती लागलं असेल.

याच काळात फेसबुकवर मात्र एक गोष्ट घडत राहिली, तिकडे आमचं लक्ष उशिरा गेलं. ठरल्याप्रमाणे नवीन पोस्ट कोणी टाकत नव्हतं. पण जुन्या फोटोंखाली नवीन लिखाण येत होतं.

त्यातला एक फोटो मी इथे उलगडून सांगते. सप्टेंबर २००८चा पूर. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही गोदेच्या पुराची आम्हा नाशिककरांची मोजपट्टी. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, अशीच बातमी गावात फिरते. त्या वर्षी पाणी आमच्या वाड्यात शिरलं होतं. फोटोत चौक नाहीच, नुसतं गढूळ पाणी, आणि ओट्याची वरची एक पायरी. खांबाला सुंभाने तांब्याचा बंब बांधलेला आहे. माळ्यावरून कोणाचा तरी हात डबा घ्यायला खाली आलेला, बांगड्या दिसतात, चेहरा दिसत नाही. हा फोटो गटात २०१२ मध्ये आला. त्याखाली तेरा वर्षं बोलणं चाललंय. ‘बंब आमचा.’ ‘तुमच्या बंबाची तोटी डावीकडे होती, हा कुलकर्ण्यांकडचा.’ ‘हात कोणाचा?’ ‘आक्काचा.’ ‘आक्काच्या हातात पाटल्या असायच्या, या बांगड्या आहेत.’ मग २०१९च्या ऑगस्टमध्ये पुन्हा मोठा पूर आला तेव्हा त्याच फोटोखाली लोकांनी एकमेकांची खुशाली विचारली, जणू ते फोटोचं पान म्हणजे चौकच. आणि २०२५च्या फेब्रुवारीत, आम्ही ‘इथे काही टाकू नका’ म्हटल्यावर, सिडकोतल्या एका मावशीने लिहिलं : ‘हात माझा आहे. डब्यात लग्नाचे फोटो होते. इतकी वर्षं मजा बघत होते.’ दोन दिवसांत त्याखाली चाळीसएक जणांनी लिहिलं.

ड्राइव्हवर हाच फोटो होता, फेसबुकवरच्यापेक्षा स्वच्छ. पण तिथे तो नुसता पुराचा फोटो होता. हात कोणाचा, ते तिथे नव्हतं.

मला हे प्रकरण इथे उकललं. आम्ही फोटो हलवले, फोटोखालचं बोलणं हलवू शकलो नाही. फेसबुकवरून आपली माहिती उतरवून घ्यायची सोय आहे, पण त्यात मिळतं ते आपण लिहिलेलं, आपण टाकलेलं. दुसऱ्यांनी आपल्या फोटोखाली काय लिहिलं ते त्या फायलींत येत नाही. तर्काने बघितलं तर ते बरोबर आहे, कारण त्यांचं बोलणं त्यांचं. पण चौदा बिऱ्हाडांच्या गप्पा असतात त्यात तुझं किती, माझं किती, हे वेगळं कसं काढणार? युरोपात २०१८पासून लागू असलेल्या कायद्याने स्वतःची माहिती एकीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला आहे. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो हक्क नाही. असता तरी मावशीच्या हाताची गोष्ट त्यात बसली नसती.

जाळ्याचा, म्हणजे नेटवर्कचा, हिशोब लोक सांगतात तो खरा आहे. इथरनेटचे एक जनक रॉबर्ट मेटकाफ यांच्या नावाने तो ओळखला जातो : जाळ्याची किंमत माणसांच्या संख्येने वाढत नाही, त्यांच्यातल्या जोड्यांनी वाढते. चौदा बिऱ्हाडं म्हणजे ९१ जोड्या. पंधरावं आलं की एकदम आणखी १४. उलटही तेच. एकटा माणूस उठून दुसरीकडे गेला की त्याच्या सगळ्या जोड्या एकदम तुटतात, म्हणून प्रत्येक जण म्हणतो, ‘सगळे गेले की मी येतो.’ जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या धोरणावरून गदारोळ झाला तेव्हा आमच्यातल्या वीसेक जणांनी सिग्नल घेतलं होतं. होळीपर्यंत बहुतेक परत. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये ‘अरट्टै’ या देशी निरोपांच्या ॲपची लाट आली, तेव्हाही तसंच. पण या हिशोबात सगळ्या जोड्या सारख्या धरलेल्या असतात, आणि वयागणिक माणसाला धरून ठेवणारी दोरी वेगळी असते, ते त्यात दिसत नाही.

भांडी बाजारातल्या दादाचंच बघा. त्याच्या नावाने फसवणूक झाली, म्हणजे सगळ्यांत आधी जायला हवं होतं त्याने. वय ४३. तो आधी ऑर्कुटवर होता. कॉलेजातल्या मित्रांनी लिहिलेले स्क्रॅप, टेस्टिमोनियल, सगळं तिथे होतं. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं. तोवर सगळे फेसबुकवर गेले होते, म्हणून कोणाला फारसं जाणवलं नाही. त्याला जाणवलं, कारण त्याचा एक मित्र २०१०मध्ये अपघातात गेला होता आणि त्या मित्राचं हस्ताक्षर म्हणावं असं त्याच्याकडे तेवढंच होतं. ‘एकदा घर सोडलं तेव्हा मी मागे वळून बघितलं नाही,’ तो म्हणाला. ‘आता नाही सोडणार.’ त्याने खात्यावरची मित्रयादी लपवली, दोन पायऱ्यांचं लॉगिन लावलं आणि राहिला.

माईंची १९ वर्षांची नात. तिच्या मैत्रिणींपैकी फेसबुकवर कोणीच नाही आणि तिला तेच आवडतं. ‘इन्स्टावर स्टोरी टाकायची तर विचार करावा लागतो, कशी दिसते, कोण बघेल. इथे सगळे मला फ्रॉकमध्ये बघितलेले आहेत.’ तरुण मुलं फेसबुकवर नाहीत असं सरसकट म्हणतात. काही जण आहेत, आणि ती तिथे मित्रांपासून लांब बसायला येतात, आपण जसे परीक्षेच्या दिवसांत आजोळी जायचो.

दिंडोरीकडच्या जावईबापूंचं कारण वाड्याशी संबंधित नाही, तरी सांगते. त्यांची तीन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की त्यांचा निम्मा वेळ बागायतदारांच्या फेसबुक गटांवर जातो. पानावर पिवळट तेलकट डाग दिसला की वरून एक आणि पान उलटून खालून एक, असे दोन फोटो टाकायचे. खाली पांढरी बुरशी असेल तर डाउनी रोग, राखेसारखी भुकटी असेल तर भुरी. ‘अवकाळी पाऊस पडला त्या रात्री साडेअकराला मला उत्तर मिळालं,’ ते म्हणाले. तिथे लिहिणारा कोण, त्याची बाग कशी, त्याने आधी कोणाला काय सांगितलं होतं, हे मागे जाऊन वाचता येतं. औषध फवारायचं की नाही हे अनोळखी माणसाच्या शब्दावर ठरवायचं असेल, तर त्याचा मागचा पाच वर्षांचा शब्द दिसायला लागतो.

आता माई.

माईंशी मी सगळ्यांत शेवटी बोलले, आणि खरं कारण मला तिथे कळलं. माईंचं फेसबुकवर खातंच नाही. त्या यजमानांच्या, म्हणजे नानांच्या, खात्यावरून गटात येतात. नाना २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. त्यांचा फोन माईंनी तसाच चालू ठेवला. त्याच फोनवर, त्याच खात्यातून त्या रोज सकाळी पूजा झाल्यावर गट उघडतात. पडद्यावरची खालची ओळ, डावीकडून तिसरं चिन्ह, हे त्यांना पाठ आहे. चष्मा कपाळावर सारतात, फोन नाकाशी धरतात, आणि माइकचं बटण दाबून बोलतात. फोन ते देवनागरीत लिहितो. मग एकेक शब्द वाचून चूक असेल तर पुसतात. ‘अनेक आशीर्वाद’ एवढं लिहायला त्यांना पाच मिनिटं लागतात. गटात नानांच्या नावाने ‘अनेक आशीर्वाद’ आलं की सगळ्यांना कळतं, माई आल्या.

वारलेल्या माणसाचं फेसबुकवरचं खातं स्मृतीत ठेवायची सोय आहे. तसं केलं की नावाच्या शेजारी तशी खूण येते आणि मग त्या खात्यात कोणालाही लॉगिन करता येत नाही. नातवाने एकदा तो अर्ज भरायला घेतला होता. माई म्हणाल्या, ‘म्हणजे मी बाहेर?’ त्याने तो तिथेच सोडला. दुसऱ्याचं खातं वापरणं नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे. पण साठ वर्षं एका घराच्या एका पाटीखाली राहिलेल्या बाईने त्याच पाटीखाली राहावं, यात मला काही वावगं दिसत नाही.

मे महिन्यात त्याच फोनवर एक इंग्रजी सूचना आली. फेसबुकने १९ फेब्रुवारी २०२५पासून थेट प्रक्षेपणाचे व्हिडिओ फक्त ३० दिवस ठेवायचं जाहीर केलं होतं. जुने व्हिडिओही काढले जाणार होते, सूचना मिळाल्यापासून ९० दिवसांत उतरवून घ्यायचे. माईंनी नातीला वाचायला दिलं. नात मला म्हणाली, ‘आत्या, नानांचा व्हिडिओ जाणार.’

२ एप्रिल २०२०, रामनवमी. टाळेबंदी होती, काळाराम मंदिरात भाविकांना प्रवेश नव्हता. पंचवटीत रामनवमी आणि देवळाचं दार बंद, हे आमच्यातल्या कोणी पाहिलं नव्हतं. नानांनी दुपारी बाराला घरच्या देव्हाऱ्यासमोर बसून फोन लावला आणि थेट प्रक्षेपण करून स्तोत्रं म्हटली. ४१ मिनिटं. निम्मा वेळ फोन वर झाला होता. व्हिडिओत छत आणि पंखा दिसतो, आवाज मात्र स्वच्छ. आणि शेजारी वाडा बोलत होता. ‘नाना, आवाज येतोय.’ ‘नाना, फोन जरा खाली धरा, छत दिसतंय.’ ‘असू दे, छतही आपलंच.’ ‘आम्ही इंदिरानगरहून हात जोडतोय.’ ‘मस्कतहून नमस्कार.’ ‘नाना, सुंठवडा इकडे केलाय, तिकडे पोचला असं समजा.’ शेवटी नाना वाकून पडद्यात बघतात, तेवढाच त्यांचा चेहरा दिसतो, आणि एकेक नाव वाचायला लागतात. सगळ्यांची नावं वाचून होईपर्यंत त्यांनी फोन बंद केला नाही.

व्हिडिओ उतरवून घेणं दहा मिनिटांचं काम होतं. पण उतरवलेल्या फायलीत नुसते नाना होते. ते कोणाची नावं वाचतायत, कोणाला हसून उत्तर देतायत, ते नव्हतं. म्हणून जूनमध्ये चार रविवार आम्ही माईंच्या घरी बसलो. नात फोनवरून कॉमेंट वाचायची, मी वहीत उतरवायची, माई सांगायच्या कोण कुठल्या खोलीत राहायचं. दोनशेपानी वही. आधी रामनवमीचा व्हिडिओ, मग पुराचा फोटो, मग बाकीचे. फोटोंखालचं सगळं बोलणं अजून झालेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चालू आहे, आणि नातू हिंजवडीहून येऊन बसतो.

गट फेसबुकवरच राहिला. व्हॉट्सॲपचा ग्रुप आम्ही फक्त निरोपांपुरता ठेवला, त्यावर ॲडमिनच लिहितात : कोण आजारी, कोणाचं लग्न, दशक्रिया किती वाजता. इन्स्टाग्राम पोरांकडे दिलं, रहाडीसाठी. फेसबुकच्या गटात नव्या माणसाला घेताना आता तिघांपैकी एक जण आधी फोन करून ओळख पटवतो, आणि पैशाचा निरोप आला तर आधी त्या माणसाला फोन करायचा हे वर खिळवून ठेवलं आहे. ते पैसे पाठवणाऱ्या काकू परत लिहायला लागल्या. पहिल्यांदा लिहिलं ते मावशीच्या हाताच्या फोटोखाली : ‘मला वाटलंच होतं.’

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं त्या दिवशी दादाने दुकानातून निघून गंगेवर जाऊन मारुतीचा फोटो काढला आणि गटात टाकला. खाली काही मिनिटांत नानांच्या नावाने आलं : ‘कमरेपर्यंत आहे. कोणी पलीकडे जाऊ नका.’ दोन दिवसांनी मस्कतहून त्याखाली उत्तर आलं. ‘नाही जात, माई. तुम्ही गोळी घेतली का?’